चार बोटं उंच

मी एक जुनी इमारत आहे, असं मला पाहून तुम्हाला वाटेल. तसं वाटावं म्हणूनच मला बांधलं आहे. पण मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगायला बसायचं आणि पहिल्याच वाक्यात थाप मारायची, हे काही बरं नाही. म्हणून आधीच कबूल करून टाकते. माझं वय अवघं चार वर्षं आहे. तुमच्या घरातलं जे भावंड नुकतं बालवाडीत जाऊ लागलं असेल, त्याच्याएवढी मी.

पर्यटक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मग माझ्या पोटातल्या मोबाइलच्या दुकानात डोकावून विचारतात, "केवढी जुनी असेल हो ही इमारत?" दुकानदार दर्शन मोठा वस्ताद आहे. चेहरा गंभीर करून तो सांगतो, "दीडशे वर्षं तरी हायच." मला बोलता येत नाही, त्यामुळे मी गप्प राहते. खरं सांगायचं तर सुरुवातीला हे ऐकून मला गुदगुल्या व्हायच्या. आता होत नाहीत. त्या का होत नाहीत, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला आमची बंदरआळी आहे. साहेबाच्या राज्यात बंदराला आगबोटी लागायच्या, तेव्हा या आळीत बोटीच्या एजंटांच्या कचेऱ्या आणि मालाच्या वखारी उभ्या राहिल्या. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, उंच कमानी, लाकडी झिलमिलीच्या खिडक्या आणि वर मंगलोरी कौलं. अशा अकरा इमारती एका रांगेत आहेत. प्रत्येकीच्या पुढे खांबांची पडवी आहे. रस्त्यावरून तीन पायऱ्या चढलं की पडवीत यायचं. एकीची फरशी संपते तिथे दुसरीची सुरू होते, मध्ये उंबरासुद्धा नाही. त्यामुळे धो धो पावसातही माणूस आळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला छत्री न उघडता जातो. आळीतले लोक त्याला 'कोरडी वाट' म्हणतात. कोकणातला पाऊस चार महिने मुक्कामाला असतो, तेव्हा या वाटेची किंमत तुम्हाला वेगळी सांगायला नको.

या रांगेतली सातवी इमारत म्हणजे एका बोट एजंटाची वखार. ती खरोखरच जुनी होती. बोटी बंद झाल्या, वखारीला कुलूप लागलं, छपरातून पाणी झिरपू लागलं आणि कोणी कौलं परतून नीट बसवली नाहीत. आठ वर्षांपूर्वी श्रावणात ती एका दुपारी बसली. सुदैवाने आत कोणी नव्हतं. पण रांगेत खिंडार पडलं आणि कोरडी वाट मधोमध तुटली. त्या खिंडाराच्या जागी आता मी उभी आहे.

ती जागा हुसेनने घेतली. हुसेन याच आळीतला. सत्तावीस वर्षं कुवेतला थंड हवेची यंत्रं दुरुस्त करून तो परत आला होता. त्याचा बाप बंदरावर हमाल होता. बोटीतून उतरलेली पोती डोक्यावर घेऊन तो याच वखारीत आणून टाकायचा. डोक्यावर पोतं असेल तेव्हा त्याला पडवीतून जायची मुभा होती. पोतं उतरलं की नव्हती. दुपारची भाकरी तो वखारीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसून खायचा, कारण पडवीत हमालाने बसायचं नाही असा एजंटाचा दंडक होता. लहान हुसेन त्याला भाकरी घेऊन यायचा आणि बापाशेजारी खालच्याच पायरीवर टेकायचा. ही गोष्ट मला कोणी बसवून सांगितली नाही. माझ्या पायाचा खड्डा खणत होते तेव्हा हुसेन कडेला उभा राहून भिकाजीला सांगत होता, ती मी ऐकली.

भिकाजी म्हणजे मला बांधणारा गवंडी. हुसेन आणि तो शाळेत एका बाकावर बसले होते. आता दोघांचेही केस पांढरे झाले आहेत. भिकाजी त्याला चारचौघांत "शेट" म्हणायचा आणि दोघेच असले की "हुसेन".

तेव्हा एका कंत्राटदाराने हुसेनला एक चित्र आणून दाखवलं होतं. चकचकीत काचेची भिंत, तिला चंदेरी पत्रे, आणि वर इंग्रजीत मोठं नाव. हुसेनने ते चित्र उलटं करून परत दिलं. "असल्या काचा मी सत्तावीस वर्षं बगितल्या," तो म्हणाला. "आत माणूस शिजतो. मला वखार पायजे. होती तशीच, पण माजी."

मग वेदिका आली. ती पालीची. नुकती आर्किटेक्ट झालेली, आणि स्कूटरवरून यायची. जानेवारीच्या कोवळ्या उन्हात तिने सगळी आळी मोजली. शेजारच्या कमानीची रुंदी, खांबाची जाडी, झिलमिलीच्या पट्ट्या, कौलांचा उतार, सगळं तिने वहीत उतरवलं. खाली चार दुकानं आणि वर तीन कचेऱ्या काढल्या. दुकानांच्या पाट्या एकाच मापाच्या आणि लाकडी असाव्यात असं तिने ठरवलं. एसीचे डबे बाहेर लोंबू नयेत म्हणून ते झिलमिलीच्या आड कसे बसवायचे, हे मात्र हुसेननेच तिला दाखवलं. त्या विषयात तो गुरू होता.

चिरे आले तेव्हा भिकाजीने ते लगेच लावायला साफ नकार दिला. खाणीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो. उन्हापावसात पडून राहिला की तो घट्ट होतो. "चिऱ्यानं एक पाऊस बगाय हवा," भिकाजी म्हणाला. "तुजी घाई तुज्याजवळ ठेव." म्हणून माझे चिरे एक अख्खा पावसाळा उघड्यावर भिजत पडले होते. माझ्या आयुष्यातली पहिली आठवण तीच आहे.

त्या दिवसांत रोज एक बाई डोक्यावर पाटी घेऊन माझ्या खिंडाराशी थांबायची. तिचं नाव मालन. ती सत्तरीला टेकलेली होती. मांडवीहून निघून ती बाजारात मासळी विकायला जायची. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा तिच्या पाटीत उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकी मासळी असायची. सुकट, बोंबील, सोडे. सुक्या मासळीला पाण्याचा थेंब लागला की तिला वास सुटतो आणि ती टाकून द्यावी लागते. म्हणून मालनला कोरड्या वाटेची जेवढी गरज होती तेवढी आळीत कोणालाच नव्हती. वखार पडल्यापासून ती सहाव्या पडवीच्या पायऱ्या उतरायची, पाटीवर प्लास्टिक ओढायची, भर पावसात खिंडार ओलांडायची आणि आठव्या पडवीच्या पायऱ्या पुन्हा चढायची.

"कदी व्हायची रे पडवी?" ती भिकाजीला विचारायची.

"चिरा भिजतोय गो मालनबाय," भिकाजी सांगायचा.

"चिरा भिजतोय आनि मी पन भिजतंय," ती म्हणायची आणि पुढे जायची. तिच्या त्या म्हणण्यात तक्रार नव्हती. पडवी होणार याची तिला खात्रीच होती.

मित्रांनो, आता माझ्या चुकीची हकिगत येते. चूक माझी नव्हती, पण ती माझ्या अंगावर आहे, म्हणून तिला मी माझीच म्हणते.

आमच्याकडे नवं घर बांधताना त्याचं जोतं शेजाऱ्याच्या जोत्यापेक्षा चार बोटं उंच घ्यायची पद्धत आहे. पाणी आपल्याकडे वळू नये हे त्याचं सांगायचं कारण. न सांगायचं कारण तुम्ही ओळखलंच असेल. वेदिकाच्या नकाशात माझ्या पडवीची फरशी शेजारणींच्या फरशीशी एका रेघेत होती. भिकाजीने नकाशा पाहिला आणि सवयीने म्हणाला, "शेट, चार बोटं वर घेऊ. रीत हाय."

हुसेनने खाली वाकून शेजारच्या जोत्याकडे पाहिलं. "चार बोटांसाठी चिरा कापत बसनार काय? पुरा एक थर घाल."

एक थर झाला. हुसेन रस्त्यावर जाऊन, कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आनखी एक."

अशी चार बोटांची उंची हातभर झाली. वेदिका पुढच्या आठवड्यात आली आणि बघतच राहिली. "काका, पडवीची रेघ जुळायला हवी ना," ती म्हणाली.

"बाय, कमानी तुज्या, जोतं माजं," हुसेन म्हणाला. "या पडवीत माज्या बापाला बसू दिला नाय. ती आता आळीत सगळ्यांच्या वर असनार."

त्या पोरीने पेन्सिल दप्तरात टाकली आणि ती स्कूटरकडे वळली. मलाही तेव्हा हुसेनचंच म्हणणं पटलं होतं. उंच व्हायला कोणाला आवडत नाही?

मी पूर्ण झाले ते शिमग्याच्या सुमारास. माझ्यावर उगाच रंग थापला नव्हता. चिरे उघडे ठेवून दरजा चुन्याने भरल्या होत्या. माझ्या कमानी शेजारणींच्या कमानींच्या सख्ख्या बहिणी दिसत होत्या. माझा तांबडा रंग जरा नवा होता, पण दोनचार पावसाळ्यांत तोही काळवंडेल असं वेदिका म्हणाली. शहरातल्या एका मंडळाने माझा गौरव केला. जुन्या वस्तीत नवं बांधकाम कसं असावं, याचा नमुना म्हणून माझं चित्र त्यांच्या दिनदर्शिकेवर छापलं. ते चित्र रस्त्याच्या पलीकडून काढलं होतं. पलीकडून माझं जोतं कोणाच्या नजरेत भरत नाही, कमानीच भरतात. ती दिनदर्शिका दर्शनने दुकानात टांगली. मी इतकी फुगले की माझ्या चिऱ्यांना तडे कसे गेले नाहीत याचं आज मला नवल वाटतं.

दोन्ही शेजारणींच्या बाजूला माझी पडवी हातभर वर होती. तिथून कोणी पडू नये म्हणून हुसेनने लोखंडी कठडे बसवले. छान नक्षीचे होते. रस्त्यावरून माझ्या पडवीत यायला तीनऐवजी पाच पायऱ्या झाल्या.

मग पावसाळा आला. जून संपेपर्यंत मला काही कळलं नाही. जुलैत झोडपायला लागला तेव्हा कळलं. सहाव्या पडवीतून माणसं गप्पा मारत यायची, माझ्या कठड्याशी थांबायची, छत्र्या उघडायची आणि पायऱ्या उतरून पावसात जायची. माझ्यासमोरून भिजत जाऊन आठव्या पडवीत चढायची आणि छत्र्या झटकायची. माझी पडवी मात्र कोरडी ठणठणीत आणि रिकामी असायची. खिंडार होतं तेव्हाही लोक असेच जायचे. म्हणजे माझ्या असण्याने कोणाला काहीच फरक पडला नव्हता. दिनदर्शिकेवरच्या त्या नमुन्यातून एकही माणूस चालत नव्हता. मला फार एकटं वाटलं.

मालनने पहिल्या दिवशी कठड्यावर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हुसेन पडवीत खुर्ची टाकून बसला होता.

"हुसेन, इमारत झ्याक हाय हो तुजी," ती म्हणाली. "पन माज्या वाटेत हाय."

हुसेन हसला. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही बाजूंचे कठडे कापून घेतले आणि तिथे एकेक सिमेंटची पायरी घातली. झालं काम, असं त्याला वाटलं. मलाही वाटलं. पण जोतं उंच म्हणून माझं छप्परही उंच होतं. माझ्या आणि शेजारणीच्या छपरांमध्ये फट होती, आणि पागोळ्यांचं पाणी नेमकं त्या पायरीवर पडायचं. आठ दिवसांत तिच्यावर हिरवं शेवाळ धरलं.

एका सकाळी मालन पाटी घेऊन आली. त्या दिवशी तिने रस्त्यावर उतरायचं सोडून माझ्या पायरीवर पाय ठेवला. इतक्या वर्षांनी वाट जुळली आहे तर वापरून बघू, असंच तिच्या मनात असणार. पाय सटकला. ती कुशीवर पडली, पाटी उलटी झाली, आणि मे महिनाभर अंगणात वाळवलेली तिची सगळी मासळी गटाराच्या पाण्यात वाहत गेली. सुकट पाण्यावर पसरली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. मालन हात धरून बसली होती. ती वाहून जाणाऱ्या मासळीकडे बघत राहिली.

दर्शन दुकान उघडं टाकून धावला. हुसेनने रिक्षा थांबवली आणि तिला दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. मित्रांनो, मला हात नाहीत. मी तिला धरू शकले नाही. पण पायरी माझी होती. आजही तो प्रसंग आठवला की मला लाज वाटते.

तीन आठवड्यांनी मालन पुन्हा दिसली. हात गळ्यात बांधलेला, आणि पाटीऐवजी काखेत एक छोटी पिशवी. घरी उरलेले थोडे सोडे विकायला ती निघाली होती. सर मोठी आली म्हणून ती माझ्या खालच्या पायरीवर छत्री धरून टेकली. पागोळ्यांचे शिंतोडे तिच्या अंगावर उडत होते. पिशवी तिने पदराखाली घेतली होती.

हुसेन वर खुर्चीत बसला होता. तो उठून पडवीच्या कडेला आला. "मालनबाय, तिथं काय बसलीस? वर ये."

"पाच पायऱ्या हायत रे," ती म्हणाली. "एका हातात छत्री, दुसरा गळ्यात. धरू कशानं? बरी हाय मी हितं."

"भिजतेस ना पन."

"भिजूदे. तुजा बाप नाय बसायचा हितंच, ह्याच पायरीवर? मला आठवतोय ना तो. कांदा फोडून भाकरी खायचा." मालन सहज बोलत होती, जुन्या आठवणीत रमल्यासारखी. "त्याला वर येऊ देत नव्हते. मला वर येववत नाय. येवडाच फरक."

ती टोचून बोलत नव्हती. टोचून बोलली असती तर हुसेनने काहीतरी उत्तर दिलं असतं. तो पाच पायऱ्या उतरला आणि पांढऱ्या लेंग्यासकट तिच्या शेजारी ओल्या पायरीवर बसला. बराच वेळ दोघं तिथे होती. हुसेनचं तोंड रस्त्याकडे होतं, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही. त्याची पाठ तेवढी भिजताना दिसत होती.

सर ओसरल्यावर मालन बाजाराकडे गेली. हुसेनने भिकाजीला बोलावून घेतलं.

"पडवी खाली घे," तो म्हणाला.

"दिवाळी झाल्यावर बगू," भिकाजी म्हणाला. "आता पावसात कोन फोडतो?"

"पावसातच फोडायची. दिवाळीची वाट बगत ती बाय आनखी एकदा पडाय नको."

भिकाजी वाकून जोत्याचे थर बोटांनी मोजू लागला. "हुसेन, चार बोटं मीच बोललो होतो रे," तो म्हणाला.

"तू चार बोटं बोललास. हात मी केला," हुसेन म्हणाला. मग दोघंही हसले, पण फार हसले नाहीत.

काम सोपं नव्हतं. माझे खांब पायापासून आलेले होते, त्यामुळे त्यांना धक्का लागणार नव्हता. पण दोन खांबांमधली फरशी उचलायची, खालचा भराव काढायचा आणि दोन थर चिरे सुटे करायचे, हे सगळं वर ताडपत्री बांधून चाललं. घाव बसत होते. मला दुखलं का असं तुम्ही विचाराल. दुखलं. पण दात काढताना दुखतं तसं, आता सुटका होणार हे माहीत असलेलं. दुकानांच्या दारांची पंचाईत झाली, कारण दुकानांची जमीन वरच राहिली. प्रत्येक दारात दोन पायऱ्या आतल्या बाजूला घ्याव्या लागल्या. "माज्या दुकानाची जागा गेली," म्हणून दर्शन दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी मात्र तोच भराव उचलायला हात लावत होता. वेदिकाही आली. तिने मोजपट्टी काढली, आणि हुसेन तिला म्हणाला, "बाय, आता कमानी पन तुज्या आनि जोतं पन तुजं." ती हसली नाही. "काका, मी तेव्हाच नीट बोलायला हवं होतं," असं म्हणाली आणि चिखलात उतरली.

शेवटी भिकाजीने पाण्याची पारदर्शक नळी आणली. एक टोक सहाव्या पडवीच्या फरशीवर धरलं, दुसरं आठव्या पडवीच्या, आणि मध्ये माझी फरशी. नळीतलं पाणी थोडं हललं आणि मग सगळीकडे सारख्या उंचीवर येऊन थांबलं. भिकाजी डोळे बारीक करून बघत होता. "हां," तो म्हणाला, "आता बसली." छपरांच्या फटीत त्याने लाकडी पन्हळ बसवली आणि पागोळ्यांचं पाणी मागच्या बाजूला वळवलं.

खाली घेतल्यावर माझ्या खांबांचा जो भाग आजवर जमिनीत होता तो उघडा पडला. तिथे चिरा खडबडीत आहे, रंगही निराळा आहे. तो घासून सारखा करू का, असं भिकाजीने विचारलं. हुसेन नको म्हणाला. त्यामुळे आजही माझ्या प्रत्येक खांबाच्या पायाशी हातभर पट्टा वेगळा दिसतो. नीट पाहिलं तरच कळतो.

आणि ते काढलेले दोन थर चिरे? त्यांचं काय करायचं, हे हुसेनने कोणाला विचारलं नाही. पडवीच्या आतल्या भिंतीला लागून, दुकानांची दारं सोडून, त्याने त्यांचा लांबलचक कट्टा बांधून घेतला. कोणीही बसावं असा. जे चिरे मला सगळ्यांच्या वर नेण्यासाठी आणले होते, त्यांच्यावर आता माणसं टेकतात. बाजाराचं ओझं उतरवून ठेवतात, चपलेतला खडा काढतात, रिक्षाची वाट बघतात. कट्टा झाला त्या दिवशी हुसेन घरून भाकरी आणि कांदा घेऊन आला आणि तिथे बसून जेवला. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्याने आलं असेल, असं दर्शन म्हणाला. दर्शन कशाला काय म्हणेल याचा नेम नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, मालनचा हात गळ्यातून सुटला. भाद्रपदात एका दिवशी पाऊस कोसळत होता. मी सहाव्या पडवीकडे कान लावून होते. मालनचा आवाज आला. तिच्या डोक्यावर पाटी होती आणि बरोबर कोणी शेजारीण होती. कुठल्याशा लग्नाचं बोलणं रंगात आलं होतं. जेवणावळीत वडे कसे कच्चे राहिले, हे ती हात नाचवून सांगत होती. माझ्या खांबांत धडधडायला लागलं. आता ती थांबेल, मला न्याहाळेल, काहीतरी म्हणेल. निदान पाय चाचपून टाकेल.

ती थांबली नाही. सहाव्या पडवीतून माझ्यात आली, माझ्यातून आठवीत गेली. वड्यांची हकिगत एका शब्दानेही अडखळली नाही. छत्री तिच्या काखेत मिटलेली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मित्रांनो, दिनदर्शिकेवर चित्र आलं तेव्हा मला जेवढा आनंद झाला नव्हता, तेवढा त्या दिवशी झाला.

आता माझं थोडंच मागणं आहे. तुमच्यातलं कोणी उद्या मोठं होऊन जुन्या वस्तीत नवं दुकान बांधेल, नवी कचेरी बांधेल. कमानी जरूर जुळवा, कौलं जुळवा. पण त्याआधी एकदा भर पावसात शेजारच्या पडवीतून चालून बघा. आणि आज तुम्ही लहान आहात तोवर एवढंच करा. माझ्या पडवीत सायकल आडवी लावू नका. कोणी स्कूटर चढवली, खोकी रचली, तर "काका, ही वाट आहे" असं नम्रपणे सांगा. कट्ट्यावर बसा, पण मालनबायची पाटी आली की पाय आत घ्या.

बंदरआळीत आलात तर डावीकडून सातवी मीच. फोटो नाही काढलात तरी चालेल. पहिल्या पडवीपासून गप्पा मारत निघा, छत्री मिटलेलीच ठेवा आणि तशाच गप्पा मारत पुढे जा. माझ्याकडे तुमचं लक्षसुद्धा गेलं नाही, तर मी समजेन की मी नीट बसले आहे.